ॲप्रिसिएशनचे ४ गुण कुठे जातात?

महाराष्ट्र बोर्डाच्या बारावीच्या इंग्रजीचा पेपर ८० गुणांचा, त्यात कवितेचं ॲप्रिसिएशन, म्हणजे रसग्रहण, अवघं ४ गुणांचं. म्हणून सगळे ते शेवटच्या आठवड्यावर ढकलतात आणि गाईडमधला उतारा घोकतात. नका करू. कविता बदलली तरी त्या उताऱ्यातली विशेषणं तीच असतात, आणि गठ्ठ्यातला दहावा पेपर हातात घेतलेल्या माणसाला ती लगेच कळतात.

कवी-शीर्षक, आशय, भाषा-अलंकार, संदेश, स्वतःचं मत हे मुद्दे तुम्हाला माहीतच आहेत. घात होतो तो अलंकारात. त्याच पेपरात अलंकार ओळखण्याचा वेगळा प्रश्न असतो. तिथे नाव लिहून थोडं स्पष्टीकरण दिलं की भागतं. हात त्याच सवयीने इथेही चालतो: ‘सिमिली (उपमा), मेटाफर (रूपक), ॲलिटरेशन (अनुप्रास) आहे’. ही झाली वाणसामानाची यादी. अलंकार आहे हे परीक्षकाला दिसतंच. तो तिथे काय करतोय, हे तुम्ही सांगायचं.

सरोजिनी नायडूंची ‘इंडियन वीव्हर्स’ घ्या. बारा ओळी, तीन कडवी, प्रत्येकात दोन ओळी प्रश्न आणि दोन ओळी उत्तर. पहाटे बाळाचे कपडे, रात्र पडताना नवरीचा शेला, थंड चांदण्यात कफन. आता फक्त रंग बघा: खंड्याच्या पंखाचा निळा, मोरपिसांचा जांभळा-हिरवा, आणि शेवटी पिसासारखा, ढगासारखा पांढरा. तीनही उपमा, मान्य. पण दोन पक्ष्यांचे झळझळीत रंग येऊन गेल्यावर तिसऱ्या कडव्यात रंगच उरत नाही, पक्षीही उरत नाही, नुसतं सुटं पीस. एवढं दोन साध्या वाक्यांत लिहिलंत तरी तो मुद्दा तुमचा.

आणखी एक. पहिल्या दोन कडव्यांत प्रश्न ‘का विणता?’ असा आहे, तिसऱ्यात ‘काय विणता?’ असा होतो. विचारणाऱ्याला आता कापडच ओळखू येत नाही, असं म्हणायला जागा आहे. हे क्लासच्या नोट्समध्ये शोधत बसू नका. कविता तीनदा मोठ्याने वाचा. तिसऱ्या वेळी पेन्सिल घेऊन फक्त ‘काय बदललं’ तिथे खूण करा: वेळ, रंग, प्रश्न, बोलणारा. बहुतेक कवितांत दोन-तीन खुणा मिळतात. तेवढ्या पुरतात.

इंग्रजी कच्चं आहे म्हणून घाबरू नका. ‘बिकॉज’ नीट वापरता आलं तरी काम होतं. अलंकाराच्या प्रत्येक वाक्यात एक ‘बिकॉज’ हवाच. नसेल तर ते वाक्य यादीतलं समजा नि खोडा. मराठीत विचार करून लिहिलं तर बिघडत नाही. मात्र कवितेचा मराठीत अर्थ लावून तोच परत इंग्रजीत उतरवू नका, तो सारांश होतो. गोष्ट सांगणाऱ्या ‘द इंचकेप रॉक’मध्ये तर हमखास: रॅल्फने घंटा कापली, मग त्याचंच जहाज बुडालं, पान भरलं, भाषेबद्दल एक शब्द नाही.

वेळ दहा मिनिटं, वाक्यं आठ ते दहा. मत शेवटी, आणि ‘आय लाइक धिस पोएम’वर थांबू नका. आवडली नसेल तर तसं लिहा, कोणती ओळ खटकली ते सांगा. कारण दिलं असेल तर नावडीचेही गुण मिळतात.