डाउनरिगरचं वजन निवडताना आणि लावताना या चुका टाळा

डाउनरिगर म्हणजे बोटीवरचं असं यंत्र, जे ड्रमवरच्या केबलने जड गोळा (म्हणजेच वजन) खाली सोडतं; गरीची दोरी क्लिपने त्याला अडकवली की आमिष हव्या त्या खोलीवर जातं. काउंटरवर 100 फूट दिसले म्हणून गोळा 100 फुटांवर आहे असं समजू नका. काउंटर फक्त सुटलेली केबल मोजतो. बोट पुढे जात असते, पाणी गोळ्याला आणि केबलला मागे रेटतं, आणि केबल तिरपी होते. उभ्या रेषेपासून 30 अंश तिरपी झाली तर 100 फुटांचे साधारण 87 उरतात, 40 अंशांना 77. केबल सरळ नसते, वर जास्त झुकलेली आणि खाली उभी असते, त्यामुळे पाण्याच्या पृष्ठभागापाशी कोन मोजून केलेल्या या हिशेबापेक्षा गोळा थोडा खोलच असतो. तरी फरक मोठा राहतो. ओंटारिओ सरोवरावरच्या पोर्ट क्रेडिटहून किंवा मिशिगन सरोवरावरच्या शिकागोहून उन्हाळ्यात चिनुक सॅमन गरवायला निघालात, तर मासा बहुधा 10 ते 13 अंश सेल्सिअसच्या थंड थरात असतो. दहा-पंधरा फुटांनी चुकलात तर आमिष या थराच्या वरच फिरत राहतं.

हलकं वजन घेणं. जुना ठोकताळा असा: दर 10 फूट खोलीला 1 पौंड. म्हणजे 80 फुटांना 8 आणि 120 फुटांना 12 पौंड. पण तो ताशी दोन-सव्वादोन मैलांच्या वेगासाठी ठीक. पाण्याचा रेटा वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून 2 वरून 3 मैलांवर गेलात की तो सव्वादोन पट होतो. मोठा फ्लॅशर (मासा खेचायला आमिषापुढे लावायची चकाकती पट्टी) लावला असेल किंवा खाली उलटा प्रवाह असेल तर एक पायरी वर चढा. सरोवरावर एकच जोडी घ्यायची असेल तर 12 पौंडांची, म्हणजे सुमारे साडेपाच किलोची घ्यावी. 8 पौंडी गोळे स्वस्त पडतात, पण जुलै-ऑगस्टमध्ये ते कपाटातच राहतात. विकत घेण्याआधी यंत्राची कमाल क्षमता मात्र तपासा. हाताने फिरवायच्या छोट्या डाउनरिगरांना 12 पौंड झेपेलच असं नाही.

धातूही महत्त्वाचा. 12 पौंड शिसं पाण्यात जवळपास 11 पौंडांचं काम करतं. तेवढंच काँक्रीट भरलेलं घरगुती वजन पाण्यात 7 पौंडांवर येतं आणि आकाराने मोठं असल्यामुळे रेटाही जास्त खातं. पैसे वाचवायला डब्यात सिमेंट ओतू नये ते यासाठी. शिशाचा गोळा व्हिनाइलचं आवरण असलेला घ्या. उघडं शिसं हाताळलंत तर खाण्याआधी हात धुवा.

दोन बाजूंना वेगळी वजनं. डावीकडे 8, उजवीकडे 12, दोन्हींवर 90 फूट केबल: हलका गोळा जास्त मागे आणि वर राहतो, आणि वळण घेताना दोऱ्या एकमेकींवर येतात. वजन आणि आकार जोडीने सारखे ठेवा. गोळ्याच्या शेपटीचा पंख वाकलेला असेल तर गोळा एका अंगाला पळतो. काही जण मुद्दाम पंख किंचित वाकवून गोळे बाहेरच्या दिशेला पाठवतात, ते चालतं; पण डावा-उजवा गोळा अदलाबदल झाला की दोन्ही आत येऊन गुंता होतो. गोळ्यांवर दोन रंगांचे पट्टे रंगवले की हा प्रश्न उरत नाही. वळण मोठं आणि सावकाश घ्या. तीव्र वळणात आतल्या बाजूचा गोळा वेग हरवून खाली बसतो. तळ जवळ असेल तर आधी केबल 10 फूट वर घ्या.

ब्रेक पूर्ण आवळणं. गोळा तळाच्या खडकात अडकला तर ब्रेक घसरून केबल सुटायला हवी. तो जाम असेल तर एकतर केबल तुटते, नाहीतर पाठीमागच्या फळीवरचे बोल्ट उपटतात. फळीच्या आतून पत्र्याची आधारपट्टी नसेल तर हे दुसरं लवकर होतं. ब्रेक असा लावा: गोळा लटकवा, हाताने केबल खाली ओढा, नेटाने ओढल्यावर सरकली पाहिजे, लाटेच्या हिसक्याने नाही. फार सैल असेल तर गोळा हळूहळू खाली जात राहतो. सोडतानाही ब्रेक एकदम मोकळा करू नका. गोळा धाडकन जातो, तो थांबला तरी ड्रम फिरत राहतो आणि त्याच्यावर केबलचा गुंता होतो.

केबलचं टोक दुर्लक्षित ठेवणं. गोळे हरवतात ते बहुतेक शेवटच्या हातभर केबलमुळे. दर हंगामाआधी स्टीलच्या केबलचे पहिले 5-6 फूट कापा, नवीन क्रिम्प (टोकाचा फास पक्का करणारी धातूची नळी) दाबा, स्नॅप-स्विव्हल (गोळा अडकवायची फिरती कडी) तपासा. मध्ये कुठे मुरड पडली असेल तर तिथूनच कापा; ती सरळ करून पुन्हा भरवसा ठेवता येत नाही. स्टील काढून वेगळ्या जाडीची ब्रेडेड दोरी भरली तर ड्रमचा घेर बदलतो आणि काउंटर चुकतो. 50 फुटांवर रंगाची खूण करून तो पडताळा. शून्य धरायचं ते गोळा पाण्याला टेकतो तिथे.

क्लिप आणि दोरी. क्लिप फार घट्ट असेल तर लहान मासा लागूनही सुटत नाही आणि तासभर नुसता ओढला जातो. फार ढिली असेल तर लाटेनेच सुटते. दोरी क्लिपच्या रबरात जितकी आत तितकी पकड घट्ट. नंतर रॉड वाकेपर्यंत रीळ गुंडाळा, म्हणजे क्लिप सुटताच ढील खेचली जाते. क्लिपपासून आमिष खोल पाण्यात 10-20 फूट पुरे. 30 फुटांपेक्षा उथळ पाण्यात मासे बिचकतात, तिथे 50 फुटांहून जास्त सोडा.

सोनारवर (ध्वनिलहरींनी पाण्याखालचं दाखवणाऱ्या यंत्रावर) गोळा दिसत नसेल तर यंत्राला दोष देण्याआधी कोन बघा: मागे गेलेला गोळा सोनारच्या लहरींच्या शंकूबाहेर असतो. वेग थोडा कमी केलात आणि गोळ्याची रेषा दिसू लागली, तर वजन कमी पडतंय.