लसूण ठेचा, दहा मिनिटं थांबा, मग गॅस पेटवा

लसणाचा गुण ज्या द्रव्यामुळे, ते ॲलिसिन अख्ख्या पाकळीत जवळपास नसतंच. तिथे असतं त्याचा कच्चा माल असलेलं ॲलिन, आणि शेजारच्या वेगळ्या कप्प्यात ॲलिनेज हे एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारं प्रथिन. ठेचलं की कप्पे फुटतात, दोन्ही एकमेकांत मिसळतात आणि काही सेकंदांत ॲलिसिन बनू लागतं. ठेचताना नाकात शिरणारा उग्र वास त्याचाच. प्रयोगशाळेत जिवाणूंवर लसणाचा जो मारा दिसतो, तोही मुख्यतः याचाच.

घोळ होतो तो घाईमुळे. ॲलिनेजला उष्णता सोसत नाही. ठेचल्या ठेचल्या गरम तेलात गेलं की काम अर्धवट राहतं. म्हणून ठेचा ताटलीत पसरून 10 मिनिटं ठेवा आणि शक्यतो शेवटी घाला, कारण ॲलिसिनही आचेवर फार टिकत नाही. साल सुटावी म्हणून अख्ख्या पाकळ्या मिनिटभर मायक्रोवेव्हमध्ये फिरवल्यात, तर एन्झाइम तिथेच संपतं. मग कितीही ठेचा. व्हिनेगरमध्ये घालायचा लसूणही आधी ठेचून घ्या, आंबटपणात एन्झाइम अडून बसतं.

ब्रोकोली आणि कोबीचं गणित असंच. त्यांच्यातल्या ग्लुकोराफॅनिन या द्रव्यावर मायरोसिनेज या एन्झाइमची क्रिया झाली की सल्फोराफेन मिळतं, आणि ते शरीरातली घातक द्रव्यं निकामी करणारी एन्झाइमं जागी करतं. तुरे बारीक चिरून 40 मिनिटं ठेवा, मग 3–4 मिनिटंच वाफवा. रंग तकतकीत हिरवा आणि देठ चावताना किंचित करकरीत असेल, तर बरोबर जमलं. काळपट हिरवा झाला म्हणजे वाफ जास्त झाली. पाण्यात उकळू नका. निम्मा ऐवज पाण्यात उतरतो आणि पाणी मोरीत जातं.

फ्रोझन ब्रोकोली गोठवण्याआधी गरम पाण्यातून काढलेली असते, म्हणजे एन्झाइम आधीच गेलेलं. त्यावर उपाय मोहरीच्या पुडीचा, कारण मोहरीतही मायरोसिनेज असतं: शिजलेल्या 200 ग्रॅम ब्रोकोलीला 1 ग्रॅम. पण गॅस बंद करून, ताटात वाढल्यावर भुरभुरवा. मोहरी कच्चीच दळलेली हवी. भाजलेलीचा इथे उपयोग शून्य.

टोमॅटोचं नेमकं उलट. त्याला लाल रंग देणारं लायकोपीन पेशींत अडकलेलं असतं आणि स्निग्धात विरघळतं. चमचाभर तेलात शिजवलं की अंगी जास्त लागतं. साल काढू नका, लायकोपीन तिथेच दाट असतं.

चहातले पॉलिफेनॉल हे वनस्पतीजन्य घटक चांगले, पण ते जेवणातलं लोह बांधून ठेवतात. जेवण आणि चहात तासाभराचं अंतर ठेवा, विशेषतः रक्त कमी असेल तर.

एवढा खटाटोप नको म्हणून गोळ्या घ्याव्यात का? धूम्रपान करणाऱ्यांनी बीटा-कॅरोटीनच्या गोळ्यांपासून लांबच राहावं. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना रोज 20 मिलिग्रॅम दिलं गेलं. 1994 साली निकाल आला तेव्हा फुप्फुसाचा कर्करोग त्यांच्यात 18 टक्के जास्त निघाला. गाजर खाऊन असं होत नाही. वॉरफरिन हे रक्त गोठू न देणारं औषध चालू असेल तर हिरव्या पालेभाज्या बंद करू नका, रोजचं प्रमाण सारखं ठेवा. आणि लसणाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत, शस्त्रक्रियेच्या आधी तर नकोतच.