बुद्धिबळात पुनरावृत्तीची बरोबरी: स्थिती कशी मोजावी, मागणी कशी करावी

‘तीच खेळी तीनदा झाली की डाव बरोबरीत’ असे शिकवणारे अजूनही पुष्कळ भेटतात. हे वाक्य आधी डोक्यातून काढून टाकावे. मोजायची ती पटावरची संपूर्ण स्थिती. एकच स्थिती तिसऱ्यांदा आली असेल, किंवा आपल्या पुढच्या खेळीने येणार असेल, तर ज्याची पाळी आहे त्या खेळाडूला बरोबरीची मागणी करता येते. या तीन वेळा लागोपाठ याव्यात, अशी अट नाही.

मोजणी शेवटच्या प्याद्याच्या चालीपासून किंवा शेवटचा मोहरा मारला गेला तिथपासून सुरू करावी, कारण त्यापूर्वीची कोणतीही स्थिती पुन्हा येऊच शकत नाही.

1971 साली ब्यूनस आयर्सला जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणाऱ्या कँडिडेट्स स्पर्धेच्या अंतिम सामन्यातील तिसऱ्या डावात पेट्रोस्यानची स्थिती वरचढ होती. पांढऱ्या मोहऱ्यांनी खेळणाऱ्या फिशरचा वजीर तिसाव्या खेळीला ई2 या घरावर आला (अक्षर उभी रांग सांगते, अंक आडवी). मग काळ्या वजिराने ई5 वर जाऊन एफ6 वर परत येईपर्यंत पांढरा वजीर एच5 वर जाऊन ई2 वर परतला. पुढच्या वेळी काळा हत्ती डी5 वरून ई5 वर जाऊन परतला आणि पांढरा वजीर या खेपेस डी3 वर गेला होता. वाटा निरनिराळ्या, तरी 34व्या खेळीला ई2 वर वजीर येताच तीच स्थिती तिसऱ्यांदा होणार होती. फिशरने ती खेळी कागदावर लिहून मागणी केली आणि डाव बरोबरीत सुटला.

आता स्थिती ‘तीच’ आहे का, हे ठरवण्याची अवघड पायरी. मोहरे त्याच घरांत दिसणे पुरेसे नाही. पाळी त्याच खेळाडूची हवी आणि दोन्ही बाजूंना उपलब्ध असलेल्या खेळ्याही त्याच हव्यात. पहिल्या वेळी एखादे प्यादे एन पासाँने (दोन घरे पुढे आलेले प्यादे शेजारच्या प्याद्याने लगेच पुढच्या खेळीत मारण्याच्या खास नियमाने) मारता येत असेल, तर ती वेळ धरू नये. कॅसलिंगचा, म्हणजे राजा आणि हत्ती एकाच खेळीत हलवण्याचा, हक्क तर हमखास नजरेतून सुटतो, कारण राजा किंवा हत्ती एकदा हलून परत आला की पट अगदी पूर्वीसारखा दिसतो. 1986 साली नेदरलँड्समधील टिलबर्गला काळ्या मोहऱ्यांनी खेळणाऱ्या माइल्सविरुद्ध खुद्द माजी जगज्जेत्या कार्पोव्हची मागणी याच कारणाने चुकीची ठरली: पहिल्या वेळी काळ्याला वजिराच्या बाजूला कॅसलिंगचा हक्क होता, पण ए8 वरचा हत्ती ए4 वर जाऊन आल्यानंतर तो संपला होता. म्हणून मागणीपूर्वी पहिल्या वेळेची नोंद काढून कोणाचा राजा आणि कोणते हत्ती तोवर हललेले नव्हते, हे पाहावेच.

मागणीचा क्रमही काटेकोर आहे. तिसरी वेळ आपल्या खेळीने येणार असेल, तर ती खेळी आधी नोंदपत्रकावर लिहावी, पंचांना बोलावून ती खेळण्याचा हेतू सांगावा आणि घड्याळ थांबवावे. मोहऱ्याला हात लावू नये, कारण हात लावताच त्या खेळीपुरता मागणीचा हक्क जातो. एरवी खेळी आधी लिहिणे निषिद्ध आहे, पण या मागणीसाठी ते आवश्यक असते. ‘खेळी खेळून घड्याळ दाबा आणि मग पंचांना बोलवा’ हा सल्ला निव्वळ घातक आहे, कारण तोवर पाळी प्रतिस्पर्ध्याची झालेली असते. स्थिती त्याच्या खेळीने तिसऱ्यांदा आली असेल, तर मात्र काही न खेळता सरळ मागणी करावी.

केलेली मागणी मागे घेता येत नाही. ती चुकीची ठरली, तर फिडेच्या (आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाच्या) सध्याच्या नियमांनुसार प्रतिस्पर्ध्याला दोन मिनिटे जादा मिळतात आणि लिहिलेली खेळी खेळावीच लागते. मागणी हा बरोबरीचा प्रस्तावही मानला जातो, त्यामुळे प्रतिस्पर्धी तो स्वीकारू शकतो.

पाचव्यांदा तीच स्थिती आली, तर कोणी मागणी न करताही डाव बरोबरीत संपतो. जलद डावात खेळ्या लिहिण्याची सक्ती नसली, तरी मागणीचा हक्क कायम राहतो, आणि पंचांकडून नोंदपत्रक केव्हाही मागता येते. स्थिती दुसऱ्यांदा आल्याची शंका येताच ते मागून घ्यावे.