वृद्धाश्रमात छळाचा संशय आला तर त्याच दिवशी तक्रार कशी करावी

गणपतीला आलेला चाकरमानी वृद्धाश्रमात आत्याला भेटायला जातो. तिच्या मनगटांवर वळ दिसतात. गावातले शहाणे सांगतात, "आधी संचालकांशी बोल, पुरावा जमव, मग बघू." असलं काही ऐकू नका. तक्रारीला संशय पुरतो, शहानिशा पोलीस करतील. तुम्ही पुरावा जमवेपर्यंत वळ फिके पडतात आणि संचालक सावध होतात.

जिवाला धोका वाटला तर 112. नाहीतर एल्डरलाइन 14567, सकाळी 8 ते रात्री 8, मोफत.

घोडं अडतं ते म्हातारीला बोलतं करताना. सेविका शेजारी उभी असेल तर आत्या "पडलंय रे" (मी पडले) एवढंच म्हणणार. तुम्ही उद्या मुंबईला जाल, तिला ताट वाढणारी बाई तीच. म्हणून तिला अंगणात न्या. "कोणी मारलं?" विचारू नका, उत्तर तुम्हीच तोंडात घातलंत असा आरोप पुढे होतो. "रात्री इथे कसं असतं?" एवढं विचारा आणि गप्प बसा. लगेच काही बोलणार नाही, पदर नीट करत बसेल. बसू द्या. बोलली की तिच्याच मालवणीत, एक शब्द न बदलता लिहून घ्या. तारीख, वेळ, कोण हजर होतं तेही. विसराळू असली तरी लिहा. डोळ्यांना दिसलं ते वेगळं लिहा: "दोन्ही मनगटांवर बोटभर रुंद लाल वळ". कशाने झाले ते डॉक्टर सांगतील. फोटो ती हो म्हणाली तरच, आणि घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मुळीच टाकू नका. तिथून तो संचालकांच्या मेव्हण्यापर्यंत पोचायला संध्याकाळ लागत नाही.

त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जखमांची नोंद करून घ्या.

पोलीस ठाण्यात तक्रार लेखीच द्या आणि पोच घ्या. "तोंडी समज देतो" याला मान डोलवू नका. साध्या मारहाणीची बरेचदा नुसती एनसी होते, म्हणजे अदखलपात्र नोंद, जिचा तपास पोलीस न्यायालयाच्या परवानगीशिवाय करत नाहीत. कोंडून किंवा बांधून ठेवणं मात्र दखलपात्र गुन्हा आहे. "बांधून ठेवतत" असं ती म्हणाली असेल तर ते वाक्य तक्रारीत सगळ्यात वर हवं. हद्दीचं कारण दिलं तर झिरो एफआयआर (हद्द कुठलीही असो, त्याच ठाण्यात नोंदवायचा गुन्हा) मागा. तरीही टाळाटाळ झाली तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 खाली पोलीस अधीक्षकांना टपालाने लेखी कळवा. प्रांतांकडे जायचा सल्ला हमखास मिळतो. पण 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखालचं त्यांचं न्यायाधिकरण मुख्यतः मुलांकडून निर्वाह मिळवण्यासाठी आहे.

तक्रारीची प्रत जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयाला द्या. आत्याला त्या रात्री तिथे ठेवू नका. दुसरी सोय होईना तर गावातलं कोणीतरी रोज, वेळ बदलून, न सांगता जाऊन येऊ दे.