जड कॅम्पर ओढायचा तर ट्रकला कोणता ॲक्सल रेशो घ्यावा

अमेरिकेत ट्रकच्या जाहिरातीत ‘अमुक हजार पाउंड ओढतो’ असा जो आकडा झळकतो, तो त्या मॉडेलच्या एकाच ठरावीक जोडणीचा असतो: ठरावीक इंजिन, ठरावीक केबिन, ठरावीक ॲक्सल रेशो. डीलरच्या आवारात उभा असलेला ट्रक बहुधा तो नसतो. ५.७ लिटर हेमी इंजिनाचा रॅम १५०० घ्या. मागे ३.२१ रेशो असेल की ३.९२, यावर ओढण्याच्या मर्यादेत दोन-तीन हजार पाउंडांचा फरक पडतो, आणि बाहेरून बघून दोन्ही ट्रक ओळखू येत नाहीत.

रेशो म्हणजे मागच्या हाउसिंगमधल्या क्राउन-पिनियनच्या (मोठ्या आणि लहान दातेरी चाकांच्या) दात्यांचं गणित. क्राउनला ४१ आणि पिनियनला ११ दाते असतील तर ३.७३, क्राउनला ४१ च, पण पिनियनला १० असतील तर ४.१०. चाक एकदा फिरतं तेव्हा प्रोपेलर शाफ्ट तितक्या वेळा फिरतो. आकडा मोठा तर चाकाला जोर जास्त, पण त्याच वेगाला इंजिनाचे फेरेही जास्त.

रेशोकडे वळण्याआधी ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचं टायर आणि भाराचं पिवळं-पांढरं स्टिकर वाचा. माणसं आणि सामान मिळून किती वजन चालेल, ते त्यावर लिहिलेलं असतं. समजा, तिथे १,५५० पाउंड आहे. भरलेला कॅम्पर (ट्रकमागे ओढायचं चाकांवरचं घर) ८,५०० पाउंडांचा, त्याच्या जिभेचा, म्हणजे पुढच्या जोडणीच्या दांड्याचा, ट्रकवर येणारा भार १३ टक्के धरला तर १,१०५. वजन वाटून देणारा हिच (जोडणीचा सांगाडा) १००, घरातली चार माणसं ६००. बेरीज १,८०५. म्हणजे ट्रक जागीच २५५ पाउंडांनी जास्त भरला, आणि तिथे ३.९२ काय, ४.१० बसवला तरी मागच्या स्प्रिंगांना, टायरांना काही फरक पडत नाही. बहुतेक हाफ-टन (रॅम १५०० च्या वर्गातल्या) ट्रकांची मर्यादा इथेच आधी संपते, ओढण्याच्या आकड्यावर नाही. फिफ्थ-व्हीलचा, म्हणजे ट्रकच्या हौद्यात जोडायच्या कॅम्परचा, तर साधारण पाचवा हिस्सा ट्रकवर येतो. १२,००० च्या कॅम्परला २,४००, म्हणजे सरळ थ्री-क्वार्टर टन (हाफ-टनच्या वरचा वर्ग) किंवा त्याहून मोठा ट्रक बघायचा.

माहितीपत्रकातलं कॅम्परचं ‘कोरडं’ वजन धरू नका. नुसती ४० गॅलनची पाण्याची टाकी भरली की ३३० पाउंड वाढतात. गॅसचे सिलिंडर, बॅटरी, कुकर, डाळ-तांदूळ वेगळेच. खरेदीआधी हिशोब कॅम्परच्या कमाल भरलेल्या वजनावर करा, नंतर ट्रक स्टॉपवरच्या वजनकाट्यावर खरं वजन करून घ्या.

वजन बसलं की फेऱ्यांचं गणित. ताशी मैल गुणिले ॲक्सल रेशो, गुणिले गिअरचा रेशो, गुणिले ३३६, भागिले टायरचा इंचांतला व्यास. उत्तर म्हणजे इंजिनाचे मिनिटाला फेरे. २७५/६५ आर १८ टायरचा व्यास ३२.१ इंच. ६५ मैलांच्या वेगाला, गिअर १.०० असताना, ३.३१ वर सुमारे २,२५० फेरे, ३.५५ वर २,४१५ आणि ३.७३ वर २,५४०. फोर्डच्या दहा गिअरच्या पेटीत हा १.०० म्हणजे सातवा. आठवा ०.८५ चा आहे, त्यात ३.५५ वर इंजिन २,०६० च्या आसपास येतं.

आता हे फेरे इंजिनाच्या स्वभावाशी ताडून बघा. टर्बो पेट्रोल इंजिन सपाटीवर कॅम्पर घेऊन १,९०० ते २,४०० मध्ये आरामात चालतं. बिनटर्बोच्या व्ही-८ ला २,४०० च्या वर ठेवावं लागतं, नाहीतर जरा चढ आला की ते गिअर खाली-वर करत बसतं. मोठ्या डिझेलला १,७०० ते २,१०० पुरतात, म्हणून त्यांना ३.४२ किंवा ३.७३ बहुधा पुरे असतो. कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढताना वेगमर्यादा ५५ मैल आहे, हेही हिशोबात धरा. ३.३१ वर त्याच आठव्या गिअरमध्ये ५५ ला इंजिन १,६३० वर येतं. पेट्रोल इंजिनाला तेवढ्यावर भार ओढायला लावलं की ते कण्हतं.

‘ओढायचं असेल तर ४.१० च’ हा सल्ला अजून ऐकू येतो. तो चार गिअरच्या काळातला आहे. जीएमच्या (जनरल मोटर्सच्या) तेव्हाच्या ४एल६०-ई गिअरपेटीत पहिला ३.०६, दुसरा १.६३ आणि तिसरा थेट १.००. पहिला गिअर गुणिले ४.१० केलं तर १२.५. आजच्या दहा गिअरच्या पेटीत पहिलाच ४.७० असतो; त्याला ३.५५ जोडला तरी १६.७ होतात. शिवाय गिअरांमधल्या फटी इतक्या लहान झाल्यात की चढावर पेटी स्वतःच इंजिनाला हवं तिथे नेऊन ठेवते. आठ-दहा गिअर असतील तर ३.५५ आणि ३.७३ मधल्या पाच टक्क्यांवर डोकं फोडू नये. ३.२१ आणि ३.९२ मधल्या बावीस टक्क्यांवर मात्र जरूर फोडावं.

कारण काही ठिकाणी रेशोला पर्याय नाही. त्यातलं सगळ्यात दुर्लक्षित म्हणजे रिव्हर्स. रॅमच्या आठ गिअरच्या पेटीत पहिला ४.७१ चा, पण रिव्हर्स साधारण ३.३ चाच आहे. चढाच्या ड्राइव्हवेवर कॅम्पर मागे घेताना ३.२१ चा ट्रक टॉर्क कन्व्हर्टर (इंजिन आणि पेटीमधला तेलाचा दुवा) घसरवत बसतो आणि पेटीचं तेल पाच मिनिटांत तापतं. फोर-लो (चारही चाकांना जोर देणारा सावकाश गिअर) मध्ये टाकून काम निभावतं, पण कोरड्या डांबरावर फोर-लो लावून वळायचं नाही, गिअर आवळले जातात.

उताराचंही तसंच. घाटात गाडी शिकलेल्यांना नियम पाठ असतो: ज्या गिअरमध्ये चढलो, त्याच गिअरमध्ये उतरायचं. रेशो मोठा असेल तर इंजिन जास्त धरून ठेवतं आणि ब्रेकवर कमी बसावं लागतं. टो-हॉल मोड (ओझं ओढतानाची गिअरपेटीची सेटिंग) लावून ठेवला की पेटी हे काम बरंचसं स्वतःच करते.

मात्र रेशो शक्ती निर्माण करत नाही. ट्रक आणि कॅम्पर मिळून १६,००० पाउंड, सहा टक्के चढ, वेग ५५ मैल: नुसतं वर चढायला सुमारे १४० अश्वशक्ती लागते. वारा आणि टायरांचं घर्षण धरलं की आकडा २०० च्या पुढे जातो. बिनटर्बोचं इंजिन दर हजार फुटांना साधारण तीन टक्के शक्ती गमावतं. कोलोरॅडोत आय-७० महामार्गावरचा आयझेनहॉवर बोगदा ११,००० फुटांवर आहे, म्हणजे तिथे जवळजवळ एक तृतीयांश शक्ती गेलेली असते. त्या बाजूला नियमित जाणार असाल तर रेशोच्या आधी टर्बो किंवा डिझेल निवडा.

टायर बदलल्याने हातचा रेशो गुपचूप जातो. ३.५५ च्या ट्रकला ३२.१ ऐवजी ३५ इंची टायर चढवले की तो प्रत्यक्षात ३.२६ सारखा वागतो. मूळ जोर परत हवा तर साधारण ३.८७ लागेल.

जुना ट्रक घेताना विकणाऱ्याच्या बोलण्यावर जाऊ नका. फोर्डच्या दाराच्या स्टिकरवर ॲक्सलचा कोड असतो. जीएममध्ये जीयू६ म्हणजे ३.४२, जीटी४ म्हणजे ३.७३, जीटी५ म्हणजे ४.१०. पण मधल्या मालकाने क्राउन-पिनियन बदललं असेल तर स्टिकर खोटं पडतं. ट्रायल घेताना गिअर हाताने १.०० वर अडकवा, ६० मैलांना टॅकोमीटर (इंजिनाचे फेरे दाखवणारा काटा) बघा: वर धरलेल्याच ३२.१ इंची टायरवर ३.३१ ला २,०८०, ३.५५ ला २,२३० आणि ३.७३ ला २,३४० यायला हवेत.

शंका राहिलीच तर चाक फिरवून मोजा. पुढच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा, कारण हँडब्रेक मागच्या चाकांवर असतो आणि तो सोडावा लागणार. फोर बाय फोर असेल तर ट्रान्सफर केस (जोर पुढे-मागे वाटणारी पेटी) टू-हायमध्ये, म्हणजे फक्त मागच्या चाकांवर; गिअरपेटी न्यूट्रलमध्ये. मागचं एक चाक उचलून स्टँडवर घ्या. टायरवर आणि प्रोपेलर शाफ्टवर खडूची रेघ मारा. साधं डिफरन्शिअल (दोन्ही चाकांना वेगवेगळं फिरू देणारी यंत्रणा) असेल तर एकच चाक फिरताना शाफ्ट निम्मेच फेरे घेतो, म्हणून चाक २० वेळा फिरवा: शाफ्ट साडेपस्तीस वेळा फिरला तर ३.५५, सदतीसच्या जरा वर गेला तर ३.७३. एकच फेरा मोजला तर हे दोन ओळखू येत नाहीत. लिमिटेड स्लिप (दोन्ही चाकांना बरंचसं एकत्र बांधून ठेवणारं डिफरन्शिअल) असेल तर दोन्ही चाकं उचलून १० फेरे.

असलेल्या ट्रकचा रेशो बदलणं जमतं, पण फोर बाय फोरला पुढचा आणि मागचा दोन्ही बदलावे लागतात आणि दोन-तीन हजार डॉलर सहज जातात. काही ॲक्सलांना आतला कॅरिअरही (क्राउन बसवलेला भाग) बदलावा लागतो. डाना ४४ या ॲक्सलला ३.७३ पर्यंत एक आणि ३.९२ पासून दुसरा. ट्रकच्या कॉम्प्युटरमध्ये नवा रेशो घातला नाही तर गिअर चुकीच्या वेळी पडतात. आणि कंपनीने छापलेली मर्यादा याने वाढत नाही.

नवी जोडी रुळवणं बरेच जण उरकून टाकतात आणि मग ॲक्सल आयुष्यभर हुंकारत राहतं. पहिल्यांदा १५-२० मैल हळू चालवा, अर्धा तास पूर्ण गार होऊ द्या, असं दोन-तीनदा करा. ५०० मैलांपर्यंत मागे काहीही जोडू नका. ५०० ला तेल बदला आणि झाकणावरचं चुंबक पुसून बघा. राखाडी लेप असेल तर ठीक. बोटांना टोचणारे कण लागले तर कॅम्पर जोडण्याआधी हाउसिंग पुन्हा उघडायला लावा.