हान्लेला दुर्बीण जोडायला निघण्यापूर्वी

लडाखमधील हान्ले येथे, सुमारे ४,३०० मीटर उंचीवर, भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेल्या ‘मेस’ या २१ मीटर व्यासाच्या गॅमा किरण दुर्बिणीसारखे यंत्र जोडायचे असेल, तर तयारीची यादी खालच्या कारखान्यातच सुरू करावी. ‘मेस’ आधी हैदराबादला जोडून पाहिली गेली आणि मग सुटी करून वर नेली. हा क्रम मोडू नये. सुटी करताना प्रत्येक सांध्याच्या दोन्ही बाजूंवर एकच क्रमांक ठोकून घ्यावा, कारण नुसता रंगवलेला क्रमांक प्रवासात खरवडून जातो. त्या सांध्याचे बोल्ट, वॉशर आणि पत्र्याच्या पाचरी त्याच क्रमांकाच्या पिशवीत बांधाव्यात. बोल्ट मोजून नेऊ नयेत, जास्तीचेच न्यावेत. लेह तिथून सुमारे अडीचशे किलोमीटर आहे आणि हव्या त्या प्रतीचा बोल्ट तिथेही मिळेलच असे नाही.

पायाचे काँक्रीट थंडीपूर्वी पुरते पक्के झालेले असावे, कारण ओले असताना गोठलेले काँक्रीट वायाच जाते. दुर्बिणीची सहा चाके २७ मीटर व्यासाच्या गोल रुळावर फिरतात, म्हणून रुळाची पातळी पहाटे आणि दुपारी, अशी दोनदा तपासून दोन्ही वेळचे तापमान वहीत लिहावे: २७ मीटर लांबीचे पोलाद ३० अंशांच्या फरकाने जवळजवळ एक सेंटीमीटर वाढते.

सर्वांत जास्त वेळ आरशांसाठी राखावा. ३५६ चौकटी, प्रत्येकीवर चार आरसे, आणि दिसायला साऱ्या सारख्या. पण मध्यापासून कडेकडे जाताना आरशांचे नाभीय अंतर, म्हणजे आरशापासून किरण एकत्र येतात त्या बिंदूपर्यंतचे अंतर, वाढत जाते, त्यामुळे एकीच्या जागी दुसरी बसवून चालत नाही. पेट्या उतरवण्याच्या क्रमानेच ट्रकमध्ये भराव्यात, म्हणजे आधी लागणारी पेटी शेवटी चढवावी. आरसा हातमोजे घालून, कडेनेच धरावा.

लेहला पोचल्यावर पिशवीतला वेफर्सचा पुडा टम्म फुगलेला दिसतो. हवाबंद पेट्यांचेही तसेच होते. त्यांना हवा जाण्यायेण्यासाठी गाळणी लावलेले छिद्र ठेवावे. विरळ हवेत पंखे उष्णता कमी वाहून नेतात आणि उच्च दाबाच्या विजेची ठिणगीही लवकर पडते, म्हणून १,०८८ प्रकाशसंवेदी नळ्यांच्या कॅमेऱ्याची जोडणी वर गेल्यावर पुन्हा तपासावी. कोरड्या हवेत अंगावर स्थिर वीज साचते, म्हणून सर्किटला हात लावण्यापूर्वी मनगटाला भूतारेचा पट्टा बांधावा.

क्रेन आणि जनित्र यांची ताकद तिथे घटते हे धरूनच क्षमता ठरवावी. माणसांचीही घटते, लेहला काही दिवस मुक्काम केल्याशिवाय कोणालाही वर पाठवू नये आणि प्राणवायूची नळकांडी हाताशी ठेवावी.

या दुर्बिणीला घुमट नाही, त्यामुळे आरशांवर थेट ऊन पडून ते एका जागी एकवटू शकते. म्हणून पहिली चौकट बसण्याआधीच, दिवसा आरशांच्या तबकडीचे तोंड कुठे राहील आणि वीज गेल्यास ती हाताने सूर्यापासून कशी वळवायची, हे लेखी ठरवून त्याची रंगीत तालीम करून घ्यावी.