उसाच्या हंगामाआधी गावात बालविवाहाविरुद्ध जागृती कशी करावी

मराठवाड्यातील ज्या गावांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास कुटुंबेच्या कुटुंबे ऊसतोडीला बाहेर पडतात, तेथे मुलीच्या लग्नाची तिथी पुष्कळदा पंचांगापेक्षा मुकादमाच्या, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराच्या, उचलीवर (आगाऊ रकमेवर) ठरते. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता आणि उचल मिळते ती कोयत्यावर. त्यामुळे मुलाचे दोनाचे चार हात झाले की त्या घरात आणखी एका उचलीची सोय होते. मुलीकडच्यांची अडचण वेगळी असते. तेरा-चौदा वर्षांच्या पोरीला पाच-सहा महिने कोणाच्या भरवशावर मागे ठेवायचे, आणि फडावरच्या, म्हणजे ऊसतोडीच्या शेतावरच्या, उघड्या खोपीत तरी तिला कसे सांभाळायचे, या पेचातून सुटण्यासाठी आईबाप तिला उजवून टाकतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातील २० ते २४ वयोगटातील २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षे पूर्ण होण्यापूर्वी झाल्याचे आढळले. गावात बालहक्कांविषयी जागृती करू पाहणाऱ्याने या पेचापासूनच सुरुवात करावी, कारण ज्या आईच्या डोक्यात हा घोर आहे तिला कायद्याची कलमे वाचून दाखवून काहीही साधत नाही.

वेळ नीट निवडावी. ऊसतोड मजुरांच्या टोळ्या गेल्यावर गावात म्हातारी माणसेच उरतात आणि टोळ्या परततात तेव्हा अक्षय्य तृतीयेच्या लग्नांच्या सुपाऱ्या फुटलेल्या असतात. म्हणून खरे काम जुलै ते सप्टेंबर या महिन्यांत करावे आणि १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत विषय अधिकृतपणे मांडावा. ग्रामसभेआधी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूद कायद्यात आहे. ती सभा अनेक ठिकाणी कागदावरच उरकली जाते, पण ती प्रत्यक्ष भरवण्याचा आग्रह धरावा, कारण मुलीविषयीची जी भीती बायका एकमेकींजवळ बोलतात ती पुरुषांनी भरलेल्या पारावर कधीच बोलली जात नाही. पुढे २ ऑक्टोबरची ग्रामसभा येते तेव्हा कोण जाणार, कोणाची मुले मागे राहणार आणि ती कोठे राहणार, याची घरनिहाय यादी तयार असली पाहिजे.

या यादीवर मी मुद्दाम भर देतो. अंगणवाडी सेविका, आशा आणि शाळेचे मुख्याध्यापक एकत्र बसले तर एका दुपारी ती तयार होते, आणि तिच्यातून धोक्यात असलेल्या मुली आपोआप दिसू लागतात. सातवी किंवा आठवीनंतर जिची शाळा सुटली आहे, जिच्या गावात पुढचा वर्ग नाही, जिच्या थोरल्या बहिणीचेही लग्न लवकर झाले आहे, अशा मुलीच्या घरी पहिल्यांदा जावे. शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयोगटापुरता असल्यामुळे चौदाव्या वर्षानंतर शाळाही मुलीचा शोध घेत नाही, आणि चौदा ते अठरा या चार वर्षांतच बहुतेक बालविवाह ठरतात. महाराष्ट्रात मुलींचे शिक्षण बारावीपर्यंत मोफत आहे आणि ग्रामीण भागातील विद्यार्थिनींना शाळेत जाण्यासाठी एसटीचा मोफत पासही मिळतो, हे अनेक पालकांना ठाऊक नसते. घरी गेल्यावर लग्नाचा विषय काढण्याआधी पासाचा अर्ज सोबत नेऊन भरून द्यावा. स्थलांतरित पालकांच्या मुलांसाठी शाळेत हंगामी वसतिगृह चालवता येते. त्याचा प्रस्ताव शाळा व्यवस्थापन समितीने वेळेत पाठवला आहे का, हे विचारावे, नसेल तर पाठपुरावा करावा. मुलगी कोठे राहील या प्रश्नाला उत्तर मिळाले की लग्नाची घाई पुष्कळ अंशी ओसरते.

आता कायद्याविषयी. तो थोडक्यात, पण अचूक सांगावा. बालविवाह प्रतिबंध अधिनियम २००६ साली झाला आणि १ नोव्हेंबर २००७ पासून लागू आहे. त्यानुसार मुलीचे वय १८ आणि मुलाचे २१ पूर्ण असावे लागते. बालवधूशी लग्न करणारा प्रौढ पुरुष, लग्न लावणारा, ठरवणारा, त्याला उत्तेजन देणारा आणि जाणूनबुजून ते होऊ देणारा पालक, या सर्वांना दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. लग्नाला हजर राहून त्यात भाग घेणाराही यातून सुटत नाही. हीच गोष्ट जागृतीसाठी सर्वांत उपयोगी आहे, कारण मुलीच्या बापाला चार गोष्टी ऐकवण्यापेक्षा भटजी, मंडपवाला, आचारी, बँडवाला आणि पत्रिका छापणारा यांची एक वेगळी बैठक घेणे अधिक परिणामकारक ठरते. त्यांना सुपारी घेण्यापूर्वी वयाचा दाखला मागण्याची सवय लागली, तर लग्नाची तारीख धरण्यापूर्वीच प्रश्न उभा राहतो आणि कोणाचीही चारचौघांत मानहानी होत नाही.

दाखला कोणता पाहावा हेही त्यांना सांगावे. शाळेचा निर्गम उतारा किंवा ग्रामपंचायतीच्या जन्मनोंदवहीतील दाखला ग्राह्य धरावा. आधार कार्ड दाखवून वय पूर्ण असल्याचे सांगितले जाते, परंतु ते ओळखीचा पुरावा आहे, जन्मतारखेचा नाही, असे नव्या आधार कार्डावरच छापलेले असते.

आपल्याकडे ही चर्चा नवी नाही. मुंबईत रखमाबाईंनी अकराव्या वर्षी झालेल्या आपल्या लग्नाच्या बंधनात नांदायला जाण्यास नकार दिला आणि १८८४ पासून नवऱ्याने त्यावरून भरलेला खटला गाजला. पुढे त्या डॉक्टर झाल्या. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या लग्नाचे किमान वय १४ ठरवले आणि १९७८ मध्ये ते १८ झाले. शाळेतील मोठ्या मुलींपुढे बोलताना रखमाबाईंची गोष्ट जरूर सांगावी, कारण नकार देणारी मुलगी आपल्याच मातीत होऊन गेली आहे, हे कळणे मुलींना कोणत्याही घोषणेपेक्षा अधिक बळ देते.

मुलींशी बोलताना १०९८ हा क्रमांक पाठ करून घ्यावा. हा बालकांसाठीचा मदत क्रमांक असून तो मोफत आहे आणि दिवसरात्र चालतो. मात्र फोन केल्यावर काय घडेल, हे सांगितल्याशिवाय घाबरलेली मुलगी तो लावणार नाही. खेड्यात ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो आणि अंगणवाडी सेविका त्याला साहाय्य करते. तक्रार आली की अधिकारी व पोलीस घरी जातात, वयाची कागदपत्रे तपासतात, पालकांना समजावतात आणि गरज पडल्यास मुलीला जिल्ह्याच्या बालकल्याण समितीपुढे हजर केले जाते. लग्न ठरल्याची खबर आधीच मिळाली असेल, तर प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडून मनाई हुकूम घेता येतो. तो हुकूम मोडून लावलेले लग्न मुळातच अवैध ठरते. खबर देणाऱ्याचे नाव कोणालाही सांगितले जाऊ नये, याची हमी ग्रामसेवकाकडून ग्रामसभेतच घ्यावी. नाव फुटले, तर गावातून पुढची खबर कधीच येणार नाही.

येथे एक चूक वारंवार होताना दिसते आणि तिचे मला फार वाईट वाटते. लग्न थांबवल्यावर मुलीला मध्ये उभे करून फोटो काढले जातात आणि संध्याकाळपर्यंत ते गावाच्या व्हॉट्सॲप गटावर फिरतात. बाल न्याय अधिनियमानुसार अशा बालकाची ओळख उघड करणे हा गुन्हा आहे, आणि त्या मुलीला तर उद्या त्याच रस्त्याने शाळेत जायचे असते. आपल्या कार्यकर्त्यांना ही ताकीद पहिल्याच दिवशी द्यावी.

लग्न आधीच झाले असेल, तर त्या घराकडे पाठ फिरवू नये. अशा मुलीला दिवस गेल्यावर पोलिसांच्या भीतीने घरचे तिला दवाखान्यात नेत नाहीत, कारण अल्पवयीन मुलीच्या गरोदरपणाची माहिती डॉक्टरला पोलिसांना द्यावी लागते, एवढेच त्यांनी ऐकलेले असते. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१७ मध्ये अठरा वर्षांखालील पत्नीशी शरीरसंबंध हा बलात्कार ठरवला आहे, ही गोष्ट लपवू नये. पण कोणत्याही परिस्थितीत तपासणी आणि बाळंतपण दवाखान्यातच झाले पाहिजे, आणि तिला उपचार नाकारण्याचा अधिकार कोणालाही नाही, हे त्याच वाक्यात सांगावे. ज्या जागृतीमुळे गरोदर मुलगी घरातच लपवली जाते, ती जागृती तिच्या जिवावर उठते.

अशा मुलीला पुढचा मार्गही दाखवावा. वयाची वीस वर्षे पूर्ण होईपर्यंत ती जिल्हा न्यायालयात अर्ज करून ते लग्न रद्द करून घेऊ शकते. न्यायालय तिला पुनर्विवाह होईपर्यंत पोटगी देववू शकते आणि त्या लग्नातून झालेली मुले औरस मानली जातात. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण तिला वकील मोफत देते. त्या कार्यालयाचा पत्ता ग्रामपंचायतीच्या फलकावर, १०९८ च्या शेजारी, रंगवून घ्यावा.

थांबवलेल्या लग्नाचा पाठपुरावा मात्र मुलगी अठरा वर्षांची होईपर्यंत करावा लागतो. पालकांनी हमीपत्र लिहून दिले, तरी दोन-तीन महिन्यांनी मामाच्या गावी किंवा फडावर गुपचूप अक्षता पडण्याचा धोका असतो. म्हणून यादीतील अशा मुलींच्या नावांपुढे जन्मतारीख लिहावी, दर महिन्याला अंगणवाडी सेविकेने किंवा वर्गशिक्षकाने ती गावात आहे का आणि शाळेत येते का, याची नोंद करावी, आणि कुटुंब ज्या कारखान्यावर गेले असेल तेथील मुकादमाचा फोन क्रमांक त्याच ओळीत लिहून ठेवावा.